थंडीचा फोटो

थंडी कशाला म्हणतात, हे आमच्या फोपनारच्या माणसाला विचारू नये. बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, केळीच्या मुलखातले हे गाव. वैशाखात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि पौषातली शेकोटी पेटते ती मुख्यतः गप्पांसाठी. अशा गावचा मुलगा डिजिटल कॅमेरा घेऊन ऐन जानेवारीत लडाखला निघाला, तेव्हा लोक हसले यात नवल नाही.

जाण्याला कारण होते. माझे काका सैन्यात होते. द्रासला त्यांनी दोन हिवाळे काढले. पत्रात 'मी मजेत आहे' यापलीकडे काही नसे. ते गेल्यावर काकू म्हणाली, "तिथं कसे राहिले, कधी कळलंच नाही. पत्रं तरी पेनानं लिहायची, तर सगळी पेन्सिलीची! तू फोटो काढतोस ना? मग तिथल्या थंडीचा फोटो आण."

मित्रहो, ही मागणी वाटते तितकी सोपी नाही. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ० ते ४० अंश अशी मर्यादा छापलेली असते. म्हणजे तो फोपनारच्या उन्हाळ्यालाही पुरत नाही आणि द्रासच्या हिवाळ्यालाही!

लेहहून कारगिलच्या वाटेवर मुलबेखला कड्यात कोरलेला मैत्रेय उभा आहे. फोपनारच्या मातीतही १९६४ साली बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्ती सापडल्या. त्यामुळे ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले. चार चित्रे निघाली आणि पूर्ण भरलेली बॅटरी 'संपली' असे दाखवू लागली. वास्तविक ती संपलेली नसते. लिथियम-आयन बॅटरीतले द्रावण थंडीने दाटते, आयनांची ये-जा मंदावते, व्होल्टेज घसरते. तीच बॅटरी आतल्या खिशात, छातीशी ठेवली की थोड्या वेळाने पुन्हा काम करू लागते. म्हणून दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापराव्यात. मात्र गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नये. ती कायमची बिघडते.

द्रासला पारा शून्याखाली २० अंश होता. तिथे कॅमेरा बर्फालाही करडा रंग देतो, कारण समोरचे सारे मध्यम उजेडाचे आहे असे तो धरून चालतो. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवावे लागते. खरा धोका मात्र घरात शिरताना. आषाढात फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसा बुखारीच्या उबेत कॅमेऱ्याला फुटतो, आतूनसुद्धा. म्हणून बाहेरच तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि आत आल्यावर दोन तास उघडू नये. दव पिशवीवर जमते, कॅमेरा कोरडा राहतो.

तिसऱ्या दिवशी अंगणात उभा राहून वहीत टिपण करू लागलो, तर बॉलपेन उमटेना. शाई दाटली होती. घरमालकाने काही न बोलता खिशातली पेन्सिल पुढे केली. तिचेही एक चित्र घेतले.

फोपनारला काकूने बर्फाचे डोंगर झरझर पाहिले. पेन्सिलीपाशी थांबून म्हणाली, "हे कशाला काढलंस?" मी कारण सांगितले. ती उठली, ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढून आणला आणि चष्मा लावून पहिल्यापासून वाचू लागली. बाकीची चित्रे पाहायची राहिली ती राहिलीच.