हाळी

बाहेरगावचे पाहुणे कोल्हापुरात आले की एका गोष्टीने हटकून दचकतात. इथली मुलगी "मी जाते" असे म्हणत नाही. "मी जातो", "मी खातो", "मी बघतो की" असे खुशाल म्हणते. माझ्या पुण्याच्या मावससासूबाईंनी हे प्रथम ऐकले, तेव्हा दारात कोण मुलगा आला आहे हे पाहायला त्या चष्मा लावून उठल्या होत्या! बोलण्यात अशी ऐट असलेली ही पोरगी एस. टी.च्या गर्दीत कुणी मुद्दाम अंगाशी आले की मात्र एकदम मुकी होते. असे का व्हावे, या प्रश्नाच्या मागे लागूनच मी मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याचा उद्योग आरंभला.

उद्योग हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तेव्हापासून दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीला तक्रार समिती नेमावी लागते. असे कारखानदार आणि कचेऱ्या आम्हाला बोलावतात. त्यांच्याकडून आम्ही रीतसर फी घेतो आणि त्या पैशांवर खेड्यांतून येणाऱ्या मुलींचे वर्ग फुकट चालवतो. त्यामुळे समाजसेवक मला व्यापारी समजतात आणि व्यापारी मला खुळी समजतात. दोघेही चहा मात्र देतात.

खरे म्हणजे हे काम करायला याहून चांगले गाव शोधून सापडणार नाही. १७०० साली राजाराम महाराज गेले आणि त्यानंतर सात वर्षे ज्यांनी औरंगजेबाच्या फौजांना दाद दिली नाही, त्या ताराराणी इथल्या चौकात घोड्यावर स्वार आहेत. पेठांतून लाठी-दांडपट्ट्याचे मर्दानी खेळ अजून चालतात आणि त्यांत मुलीही हौसेने उतरतात. खेळाच्या नावातल्या 'मर्दानी'चे त्यांना काही वाटत नाही. "जातो" म्हणणाऱ्यांना ते वाटावे तरी का?

पण दांडपट्टा दप्तरात मावत नाही. म्हणून आम्ही साध्या गोष्टी शिकवतो. कुणी मनगट धरले तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूला हिसका द्यावा, पकड तिथेच कच्ची असते. सुटलात की पळा, उभे राहून पराक्रम दाखवू नका. ११२ नंबर पाठ ठेवा. आपल्या बचावासाठी प्रतिकार करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिला आहे, पण तो बचावापुरताच. "आमची पोर बारकी आहे हो," असे एखादी आई म्हणाली, की मी तिला लंडनच्या एडिथ गॅरडची गोष्ट सांगते. जेमतेम पाच फुटांची ही बाई शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांना जुजुत्सूचे डाव शिकवत होती.

या सगळ्याआधी मात्र आम्ही हाळी शिकवतो. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर घालतात ना, तशी! पहिल्या दिवशी मुली तोंडावर ओढणी धरून हसतात. आठवड्याने तीच हाळी ऐकून शेजारच्या गिरणीतला माणूस बाहेर येतो.

गेल्या वर्षी पन्हाळ्याच्या बाजूने येणारी एक मुलगी वर्गात होती. हिसका पक्का, हाळी खणखणीत. एक पोरगा दीड महिना स्टँडपासून तिच्या मागे येत होता. हे तिने मला सांगितले आणि लगेच म्हणाली, "घरी सांगू नका, मॅडम. माझं कॉलेज बंद करतील. त्याचं काय बंद होतंय?"

या प्रश्नावर कुठला डाव शिकवावा? शेवटी घरी सांगायचे वाक्यच आम्ही तिच्याकडून घोटून घेतले, मनगटाच्या हिसक्यासारखेच, दहादा. तिने ते आईला सांगितले. दुसऱ्या दिवशी वडील हजर. "नाव काढा हिचं. आता घरातच बसू दे."

मी म्हटले, "दादा, वाट त्या पोरानं अडवली. आता तुम्हीही तेच करताय."

ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मग काय करायचं ते सांगा." पाठलाग करणे हा न्याय संहितेच्या ७८व्या कलमाने गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. बापलेक मिळून पोलीस ठाण्यात गेले. मागे येणारा त्या दिवसापासून स्टँडवर दिसला नाही. मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

तेव्हापासून पहिल्या दिवशी एका पालकाने यायचे, हा आमचा नियम झाला आहे. त्यांना आम्ही एकच विचारतो. उद्या मुलीने असे काही सांगितले, तर तुमचे पहिले वाक्य काय असेल? बहुतेक जण "तू तिथं गेली होतीस कशाला?" यावर येऊन थांबतात. एक माउली मात्र म्हणाली, "आधी जेवायला वाढीन. मग कोण ते विचारीन."

बायकांचा छळ ही घरातली झाकून ठेवायची बाब नव्हे, हे शाहू महाराजांनी १९१९ साली कायदा करून सांगितले. शंभर वर्षे उलटली, तरी झाकण्याची आपली सवय मोडत नाही.

परवा भाऊबीज. ओवाळणीत काय घालावे म्हणून भाऊमंडळी दुकाने धुंडाळत असतील. साडी घाला, पाकीट घाला. पण ताटात ते ठेवताना, "तू काहीही सांग, तुझं कॉलेज बंद होणार नाही," एवढे तिला ऐकू जाईलसे म्हणा. आणि ते वडिलांच्या कानावर पडेल, इतक्या मोठ्याने म्हणा!