पऱ्यावरचे नेचे

जुलै २०२३मधल्या एका शनिवारी पहाटे मी आमच्या घरामागच्या पऱ्यात गुडघाभर पाण्यात उभा होतो. हातात बाबांचा कोयता. समोरच्या दरडीवरून नेचे लोंबत होते, ते मी एकेक करून छाटत होतो. पाचेक मिनिटांचं काम. ते संपलं आणि दरडीतलं बीळ उघडं दिसायला लागलं. मागे काठावर उभे असलेले सर म्हणाले, "परफेक्ट!"

मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

मी नाट्याचा. राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे. वर यशवंतगड, खाली खाडी, शेजारी साखरी नाट्याचं मासळी बंदर, पुढे आंबोळगडचा किनारा. खाडीपलीकडे माडबन, म्हणजे बातम्यांमधून तुम्हाला माहीत असलेला अणुऊर्जा प्रकल्पाचा सडा. बातम्यांमुळे लोकांना आमचा भाग माहीत असतो, पण इथे सुट्टीला यावं असं फार कुणाला वाटत नाही. सुट्टीला लोक गणपतीपुळ्याला जातात, नाहीतर सरळ मालवण गाठतात.

२०२०मध्ये लॉकडाऊन लागलं आणि मुंबईतली माझी नोकरी गेली. घरी परत आलो. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून सड्यावर फिरायला लागलो. एका मित्राने त्याची जुनी दुर्बीण दिली. पहिले काही महिने मला घार आणि समुद्र गरुड यांतला फरकही कळत नव्हता. तो मला साखरी नाट्याच्या जेटीवर एका चाचांनी शिकवला. त्यांचा सगळा जन्म होडीवर गेलेला. घार मासळीच्या टोपल्यांवर घिरट्या घालते, ब्राह्मणी घार जाळ्यातून सुटलेलं पाण्यावरून टिपते, आणि समुद्र गरुड या गर्दीत सहसा येत नाही, तो लांब खाडीवर फिरतो आणि कधीकधी समुद्री सापसुद्धा उचलतो. पांढरं पोट, राखाडी पंख, पाचरीसारखी शेपटी. एकदा ओळखू आला की मग तो कुठूनही ओळखू येतो. त्याचं घरटं आमच्या परिसरात आहे. वर्षानुवर्षं तेच घरटं, दरवर्षी काही नव्या काटक्या घातलेलं. झाड कोणतं, ते लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेलच.

२०२२च्या पावसात मला पऱ्यावर तिबोटी खंड्या दिसला. ज्यांनी हा पक्षी पाहिलेला नाही त्यांनी आधी त्याचा आकार लक्षात घ्यावा. चोच धरून साधारण १३ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. पोट पिवळं-केशरी, पंख काळपट निळे, डोक्यावर आणि पाठीवर जांभळी झाक, चोच आणि पाय लालभडक. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. तो पावसासोबत कोकणात येतो आणि ओढ्याच्या दरडीत आडवं बीळ खणतो. एवढ्याशा पक्ष्याचं बीळ हातभर, कधी त्याहून जास्त खोल असतं. नर-मादी दोघं मिळून खणतात, दोघंही अंडी उबवतात. सतरा-अठरा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि पुढचे वीसेक दिवस दोघं त्यांना भरवत राहतात. खंड्या म्हटलं की आपल्याला मासे आठवतात. हा मात्र पिल्लांसाठी सापसुरळ्या, बेडूक, खेकडे, कोळी असं काय काय आणतो.

त्या वर्षी मी मागच्या पडवीत बसून वहीत नोंदी करायचो. एका सकाळी सात ते नऊ या दोन तासांत त्यांनी नऊ वेळा भरवलं. यायचे, नेच्यांच्या पडद्याआड शिरायचे, बाहेर पडून निघून जायचे. एकदाही नीट फोटो मिळाला नाही. नेच्यांमुळे बीळ दिसतच नव्हतं.

पुढच्या वर्षी जोडी परत आली. तोवर आईने दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट करून घेतल्या होत्या. मी मोबाइलवर पंधरा सेकंदांचं एक रील टाकलं: पाऊस, पऱ्या आणि फांदीवर क्षणभर टेकलेला तो रंगीत ठिपका. तीन दिवसांनी फोन आला. एक सर फोटोग्राफी टूर काढायचे. पावसाळ्यात या पक्ष्यासाठी लोक लांबून येतात, हे मला माहीत होतं. मोठ्या शहरातून रात्रभर गाडी चालवून यायचं, आयुष्यात पहिल्यांदा हा पक्षी पाहायचा, म्हणजे 'लाइफर' मिळवायचा, आणि परत जायचं. सरांनी विचारलं, "बीळ नक्की माहीत आहे ना?" मी म्हटलं, "घरामागेच आहे."

आठ जण आले. जागा दाखवण्याचे माणशी १,००० रुपये, राहण्या-जेवण्याचे माणशी रोज ६०० रुपये. दोन दिवसांचे मिळून १७,६०० झाले. बाबांचे आंब्याचे पैसे व्यापाऱ्याकडे जुलै आला तरी अडकलेले होते, त्यामुळे हा आकडा आमच्या घरात किती मोठा होता ते वेगळं सांगायला नको.

नेचे कापून झाल्यावर सरांनी बिळासमोर पाचेक फुटांवर एक शेवाळलेली काठी रोवायला लावली. 'पर्च' म्हणतात तिला. पक्षी बिळात जाण्याआधी तिच्यावर बसतो, मागची हिरवळ धूसर होते, फोटो स्वच्छ येतो. दहा-बारा फुटांवर कापड लावून त्यामागे चार ट्रायपॉड. सकाळी चौघं, दुपारी चौघं.

आणि पक्षी खरंच काठीवर बसला. चोचीत सापसुरळी घेऊन बसला आणि बसूनच राहिला. डोकं वरखाली करायचा, बिळाकडे बघायचा, कापडाकडे बघायचा, उडून वरच्या फांदीवर जायचा, परत काठीवर यायचा. कापडामागून शटरचा आवाज पावसासारखा चालू होता. सगळे खूश. एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय पोज देतोय रे!"

त्या आठांत निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी थोड्या वेळाने कॅमेरा खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. हळूच म्हणाल्या, "सत्तेचाळीस मिनिटं झाली. हा आत का जात नाहीये?"

मी उत्तर दिलं नाही. सवयीने वहीत मात्र लिहिलं: सात ते नऊ, तीन वेळा. दुपारच्या दोन तासांत, दोन वेळा.

रात्री जेवायला कुळथाची पिठी आणि भात होता. बाई श्रीलंकेला पक्षी बघायला जाऊन आल्या होत्या. त्या बेटावर तीसहून अधिक पक्षी असे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यामुळे जगभरातले लोक तिथे गाइड घेऊन फिरतात. त्यांनी एका घुबडाची गोष्ट सांगितली. दीपाल वराकागोडा नावाचे तिथले पक्षीतज्ज्ञ. १९९५मध्ये कितुलगलाच्या जंगलात त्यांनी रात्री एक ओरडणं ऐकलं. ते ओळखीच्या कोणत्याच पक्ष्याचं नव्हतं. पुढे जवळजवळ सहा वर्षं त्यांना तो पक्षी दिसला नाही. अखेर जानेवारी २००१मध्ये सिंहराजाच्या जंगलात त्यांनी तो पाहिला: कानावर तुरे नसलेलं, तांबूस रंगाचं छोटं घुबड. विज्ञानाला ते नवीनच होतं. २००४मध्ये त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध झालं. श्रीलंकेत शंभराहून अधिक वर्षांनी नवा पक्षी सापडला होता.

"सहा वर्षं नुसतं ऐकायचं," बाई म्हणाल्या. समोर बसलेला एक जण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिवसभराचे फोटो पुढे सरकवत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "मग फोटो मिळाला का त्याला?"

रविवारीही तसंच झालं. संध्याकाळी सगळे गेले. बाईंनी निघताना मला काहीच सुनावलं नाही. फक्त म्हणाल्या, "ती काठी काढून टाक हं." मी काढली. नेचे काही परत चिकटवता येत नव्हते.

मंगळवारी सकाळी बिळाचं तोंड दुप्पट मोठं झालेलं होतं. खाली माती सांडलेली, दरडीवर नखांचे ओरखडे. घोरपड असावी. जोडीतला एक पक्षी दिवसभर पऱ्यावरून वर-खाली जात होता. चोचीत काहीतरी होतं. बुधवारी तोही दिसला नाही.

नेचे असते तर घोरपडीला बीळ सापडलं नसतं का? सापडलंही असतं. घोरपड वासावर शोधते आणि दरवर्षी अशी कितीतरी बिळं जातात. मी स्वतःला हे पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण वहीतले आकडे मला खोडता येत नाहीत. आदल्या वर्षी दोन तासांत नऊ. त्या शनिवारी तीन.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"नेचे कापायला कुणी सांगितलं?"

"सरांनी."

"कोयता कुणाच्या हातात होता?"

त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

आठवड्याभरात फोटो यायला लागले. सापसुरळी धरलेला, काठीवर बसलेला, मागे हिरवा धूसर पडदा. हजारो लाइक, खाली 'निसर्गाची किमया' वगैरे. फोटो खरोखर सुंदर होते. पण मला ते बघता येईनात, कारण त्या वेळी काय चाललं होतं ते मला माहीत होतं. पक्षी जर सरळ आत गेला असता तर त्यातला एकही फोटो मिळाला नसता. ते सगळेच्या सगळे आत न जाण्याचे फोटो होते. आपण ज्याला पोज म्हणत होतो, ते त्याचं घाबरून थांबणं होतं, आणि आत पिल्लं उपाशी होती.

सरांना फोन करून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "निसर्गात असं होतंच. पुढच्या वर्षी दुसरं बीळ बघून ठेव." पुढच्या वर्षी मी नाही म्हटलं. त्यांना दुसऱ्या गावात दुसरा मुलगा मिळाला. माझ्या नकाराने फार काही थांबलं असं नाही. काही छायाचित्र स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो स्वीकारत नाहीत, ई-बर्डसारखी संकेतस्थळं संवेदनशील पक्ष्यांची ठिकाणं झाकून ठेवतात. पण घरामागे बीळ असलेल्या आणि पैशांची गरज असलेल्या मुलाला फोन येतो, तेव्हा यातलं काहीही त्याच्या शेजारी उभं नसतं.

२०२४च्या पावसात आमच्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. आईने तिथे दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले.

त्याच काळात मी वेळासबद्दल वाचत होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६पासून कासव महोत्सव भरतो. लोक गावातल्या घरांत राहतात, पहाटे किनाऱ्यावर जातात, आणि कधी पिल्लं बाहेर येतात, कधी एकही येत नाही. नाही आली तर लोक घावणे खाऊन परत जातात. तरीही ते चाललं आहे. म्हणजे 'दिसेलच' असं न सांगताही पाहुणे येऊ शकतात.

मग मी तसं करून पाहिलं. डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी जेटीवर कुरव, सुरय, घारी आणि नशीब असेल तर लांबून समुद्र गरुड. नंतर सड्यावर चंडोल. सरकारी भाषेत असे सडे पडीक असतात. तिथे बसून चंडोल ऐकला की हा शब्द कुणी, कोणत्या महिन्यात येऊन लिहिला असेल, असं वाटतं. फोन आला की मी आधीच सांगतो: घरटं दाखवत नाही, आवाज लावून पक्षी बोलावत नाही, जागा कुणाला पाठवत नाही. निम्मे तिथेच फोन ठेवतात. त्या हिवाळ्यात सगळे मिळून अकरा जण आले. फार पैसे झाले नाहीत. बाकीचे दिवस मी एका काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो.

यंदा, २०२५च्या जुलैमध्ये, त्या बाईंचा फोन आला. पावसात चार दिवस नुसतं राहायचं होतं. आईने दोऱ्या सोडल्या.

पहिल्या सकाळी आम्ही दोघं मागच्या पडवीत बसलो. पऱ्या भरून वाहत होता. दरडीवर नेचे पुन्हा आलेत, आता कोणी सांगितल्याशिवाय कापलेले कळणार नाहीत. साडेसातच्या सुमाराला एक बारीक, तीक्ष्ण 'ची ची' ऐकू आलं आणि पाण्यावरून केशरी रेघ वरच्या अंगाला निघून गेली. बाईंचा कॅमेरा मांडीवर होता, तो तिथेच राहिला. त्यांनी काही विचारलं नाही. बीळ कुठे असेल याचा मला थोडा अंदाज आहे. मी बघायला गेलेलो नाही.

आतून आईने हाक मारली, "दिसला काय?"

"गेला एकदा."

"मग चहा घ्या आता. गार होतोय."