सहा मिलिमीटरचा वेल्ड

डिग्री सिव्हिलची, पोट कोडिंगवर. तरी शनिवारी कधीतरी स्टीलची पुस्तकं काढून बसतो. (खोड, दुसरं काय!)

आज 'अलेक्झांडर कीलँड' वाचत होतो. उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रातला कामगारांच्या राहण्याचा तरंगता प्लॅटफॉर्म. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी पाच पायांपैकी एक तुटला आणि तो उलटला. २१२ पैकी १२३ माणसं गेली. सुरुवात कुठून? एका ब्रेसला भोक पाडून हायड्रोफोनसाठी बसवलेल्या छोट्या आधारापासून. ६ मिमीचा फिलेट वेल्ड. त्या तुकड्यावर भार असा नव्हताच, म्हणून कुणी तो मनावर घेतला नाही. पण ब्रेसवर होता ना! लाटांनी ताण सतत कमी-जास्त होत राहिला, भेग वेल्डमधून ब्रेसमध्ये सरकली. ती ब्रेस गेली, मग त्या पायाच्या बाकीच्या पाचही. चौकशीत जुन्या भेगेत रंग सापडला! म्हणजे रंगवताना ती होतीच..

गुरुवारी टीममधल्या नव्या मुलीनं विचारलं होतं, "टेस्ट नको का करायला?" मी म्हटलं, "अगं फक्त लॉगिंग आहे, टाक."

आत्ता तिला मेसेज केलाय, सोमवारी रिलीजच्या आधी ते बघू. उत्तर नाही अजून. शनिवार आहे, बरोबरच आहे तिचं.