विसरलेला आंकडा

गोंदियाजवळच्या नागऱ्यास आमचें घर आहे. गेल्या महाशिवरात्रीस तेथें गेलों, तों वडील आंकड्यांचें कुलूप असलेल्या आपल्या लहान तिजोरीपुढें हताश बसलेले. तीनदां चुकीचे आंकडे दाबल्यामुळें कुलूप कांहीं मिनिटें रुसून बसलें होतें. आम्हीं बॅटऱ्या बदलल्या. दिवा लागला, पण दार उघडेना. बॅटरी संपली तरी असें कुलूप बहुधा आपला आंकडा विसरत नाहीं; विसरले होते ते वडील.

शेवटीं देव्हाऱ्यांत ठेवलेली जादा किल्ली सांपडली. नवा आंकडा घालण्याची कळ दाराच्या आंतल्या बाजूस होती; दार उघडल्यावांचून ती हातीं लागत नाहीं. तेथें आम्ही थबकलों. आमच्या सोयीचा आंकडा घातला असता, तर वडिलांची तिजोरी त्याच क्षणीं आमची झाली असती.

“बाबा, कोणता आंकडा घालूं?”

“आमच्या लग्नाचें साल घाल,” ते म्हणाले, आणि किंचित् थांबून, “पण तें तूंच सांग.”

आम्हीं साल सांगितलें; कळा मात्र त्यांनींच दाबल्या. दार लावण्यापूर्वीं, तें उघडें असतांनाच, आंकडा दोनदां पारखून घेतला. किल्ली पुन्हां देव्हाऱ्यांत गेली. साल येथें लिहीत नाहीं. कुलूप अजून चालू आहे.