बुटाच्या खोक्यातला शीशमहाल

हा लेख आम्हा दोघी बहिणींचा आहे. आपाने सांगितला, धाकटीने लिहिला. धाकटी बी.एड. झाली आहे आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आपाची शाळा सातवीनंतर सुटली. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळेत उर्दू शिकलो आणि सोलापूरच्या गल्लीत मराठी बोलत वाढलो. त्यामुळे मराठीत लिहिणे आम्हाला परके वाटत नाही. पण ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणण्यामागे एक जुना हिशोब आहे. तो सांगण्यासाठीच हा लेख.

अब्बा यंत्रमागावर कामाला होते. अम्मी विड्या वळायची. आपाने शाळा सोडली ती अम्मीशेजारी मांडीवर सूप घेऊन बसण्यासाठी. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्रीने पान कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मोडायचे, दोरा गुंडाळायचा. हजार झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे छाट निघे. वाकडी, सैल विडी बाजूला पडे आणि तिची मजुरी बुडे. आपाच्या विड्यांत छाट फार कमी निघायची. तिची कात्री पानावरून अशी फिरायची की बघणाऱ्याने बघत राहावे.

१९९८ सालची गोष्ट. आपा तेव्हा १३ वर्षांची, धाकटी १० वर्षांची, पाचवीत. मोहल्ल्यात एका लग्नघरी व्हीसीआर भाड्याने आणला होता. जेवणे उरकल्यावर अंगणात सतरंज्या पसरल्या, एका बाजूला बायका-मुली, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि मध्ये स्टुलावर काळा-पांढरा टीव्ही. के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ लागला. अर्धी मुले पहिल्या तासातच झोपली. आम्ही जाग्या होतो. शीशमहालाचा प्रसंग आला आणि सगळे अंगण गप्प झाले. भिंतीत आरसे, छतात आरसे, आणि बादशहा मान वर करून पाहतो तर प्रत्येक तुकड्यात तीच एक मुलगी नाचते आहे. दासी होती ती. पण त्या घटकेला सगळा महाल तिचा होता.

घरी येताना आपा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पान कापता कापता म्हणाली, “अपन बनाएंगे.”

“क्या?”

“शीशमहल.”

चपलेच्या दुकानातून बुटाचे एक रिकामे खोके मागून आणले. पानाच्या टपरीवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गोळा केली. अब्बांचा दाढीचा आरसा फुटला होता, तो अम्मीने कागदात गुंडाळून टाकायला ठेवला होता. तो आम्ही परत आणला. फुटलेल्या बांगड्यांच्या काचा रंगांप्रमाणे वेगवेगळ्या केल्या. मैद्याची खळ शिजवली. काडेपेटीच्या खोळींच्या कमानी झाल्या. अम्मीच्या मोडक्या झुमक्याचे झुंबर झाले. पन्नी कापायला विडीचीच कात्री होती. आपा पन्नीचे बारीक चौकोन कापायची, साच्याशिवाय, आणि एकही चौकोन लहान-मोठा व्हायचा नाही. धाकटीचे काम खळ लावून चिकटवण्याचे. काम रात्रीच व्हायचे, दिवसभराच्या विड्या संपल्यावर. महिना गेला.

अडचण आली ती अनारकलीची. तिच्याशिवाय शीशमहाल कसला? आम्ही पुठ्ठ्याची बाहुली कापली आणि तिचे नाक-डोळे काढायला बसलो. दादी तस्बीह फिरवत होती. तिने हाक मारली, “मुंडी मत बनाव गे. घर बनाव, झाड बनाव, बाकी क्या भी बनाव. जानदार की तस्वीर नक्को.” दादी रागावली नव्हती. तिच्यासाठी ती साधी गोष्ट होती. जीव घालणे अल्लाहचे काम, आपण त्यात हात घालू नये.

धाकटीला रडू आले. आपा बराच वेळ खोक्याकडे पाहत बसली. मग तिने बाहुली काढून घेतली, स्वतःच्या जुन्या पैंजणाचा एक घुंगरू तोडला आणि महालाच्या फरशीवर मधोमध ठेवला. बाजूला जुन्या ओढणीची एक जरीची किनार, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. दिवे गेले तेव्हा आम्ही खोक्यासमोर मेणबत्ती धरली. दीडशे-दोनशे तुकड्यांत ज्योत पेटली आणि प्रत्येक ज्योतीखाली तो घुंगरू दिसू लागला. दादी वाकून बघत राहिली आणि म्हणाली, “माशाल्लाह. अब दिखी वो.”

त्या रात्री आम्हाला जे कळले ते शब्दांत मांडायला पुढे खूप वर्षे लागली. माणूस न दाखवताही माणसाचे असणे दाखवता येते. आपल्या मशिदी, दर्गे, जुन्या हवेल्या यांच्या भिंतींवर वेल, चांदण्या आणि अक्षरे आहेत. ती करणाऱ्यांनी हेच केले असेल. दादीने घातलेली मर्यादा आम्हाला अडथळा वाटली होती, पण तिच्यामुळेच आपाला घुंगरू सुचला.

आता तो जुना हिशोब. शाळेत कार्यानुभवाचे प्रदर्शन होते. धाकटीने खोके नेतो म्हटले. ते नाजूक होते म्हणून आपाच दोन्ही हातांवर धरून शाळेपर्यंत आली आणि दाराशी थांबली. बाईंनी विचारले, “हे तू केलेस?” धाकटी म्हणाली, “जी.” चिठ्ठीवर एकच नाव लिहिले गेले. पहिला नंबर आला. बक्षीस रंगपेटी. नाव पुकारले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत दाराशी उभी असलेली आपाही होती.

रात्री धाकटीने रंगपेटी आपाच्या उशाशी ठेवली. सकाळी ती धाकटीच्या दप्तरात होती. त्यावर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. पुढची कित्येक वर्षे बोललो नाही.

२००४ च्या नोव्हेंबरात ‘मुगल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा थिएटरात आला. ईद नुकतीच झाली होती. ईदीचे पैसे जमवून आम्ही अब्बांबरोबर गेलो. शीशमहाल आला आणि आपाने धाकटीचा हात धरला. लाल, हिरवे, सोनेरी तुकडे! नंतर कळले की तो प्रसंग १९६० सालच्या मूळ चित्रपटातही रंगीतच होता. काळा-पांढरा होता तो आमचा टीव्ही. बाहेर पडताना आपा म्हणाली, “लाल अपना सही था. हरा जरा ज्यादा हो गया था.” ६ वर्षांपूर्वी केलेल्या खोक्यातला प्रत्येक तुकडा तिला आठवत होता.

धाकटीने या चित्रपटाविषयी मिळेल ते वाचले आणि आपाला सांगितले. शीशमहालाचा सेट उभारायला दोन वर्षे लागली. रंगीत काच बेल्जियमहून आली, आणि काचकामाला कारागीर आले ते फिरोजाबादचे, बांगड्यांच्या गावचे! आरशांवर दिव्यांचा झोत पडला की कॅमेऱ्यात नुसती चमक येई, छायाचित्रकार आर. डी. माथूर यांनी प्रकाश थेट न टाकता परतवून घेतला, तेव्हा कुठे चित्रण जमले. आमच्या खोक्यातही मेणबत्ती समोर धरली की डोळे दिपत. बाजूला पांढरा कागद धरून त्यावरचा उजेड आत पाडला की सगळे नीट दिसे. हे आपाला आपोआप सापडले होते. त्या चित्रपटाचे कपडे शिवायला दिल्लीचे शिंपी होते, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, पादत्राणे आग्र्याची, आणि मुकुट घडवले आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांनी. हे ऐकून आपा म्हणाली, “मग त्यांची नावं कुठंयत?”

या प्रश्नाला धाकटीकडे उत्तर नव्हते. दोघींच्या मनात त्या क्षणी तीच एक चिठ्ठी आली असणार.

आपाचे लग्न २००५ मध्ये झाले, ती अक्कलकोटला गेली. धाकटी शिकत राहिली. तिच्या बी.एड.च्या फीमध्ये आपाच्या शिलाईचे पैसे होते. पण खोक्यांचा नाद कुणीच सोडला नाही. आपाच्या मुलांसाठी खोक्यात जंगल झाले, जहाज झाले, चिरागवाल्या अलादीनची गुहा झाली. चेहरे कुठेच नाहीत. मुले विचारतात, “यहाँ कौन रहता?” आणि स्वतःच उत्तर शोधतात. चित्रपट पाहणे तीन तासांत संपते. त्यातले एक दृश्य हाताने करायला घेतले की तो महिनाभर घरी पाहुणा येऊन राहतो. कमान किती उंच, उजेड कोणत्या बाजूने, पडद्याचा रंग कोणता, हे आठवावे लागते. आठवता आठवता माणूस जगाकडेही तसेच बघू लागतो. आमच्या दोन खोल्यांच्या घरात आरसा एकच होता, पण सकाळचे ऊन घागरीवर पडले की छतावर काय नाचते ते आम्ही त्यानंतरच पाहिले.

२०२३ मध्ये धाकटीने सातवीच्या वर्गाला शाळेच्या प्रोजेक्टरवर माजिद मजिदी यांचा १९९७ चा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दाखवला. ‘बच्चेहा-ए-आसमान’ हे फारसी नाव मुलींनी पडद्यावर स्वतःच वाचले आणि खूश झाल्या. अलीच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. मग दोघे भावंडे एकच जोड वाटून घेतात, ती सकाळच्या शाळेला, तो दुपारच्या. मुलींना सांगितले, यातले एक दृश्य खोक्यात करून आणा.

एका मुलीने गल्ली करून आणली. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये वाहती गटार चंदेरी पन्नीची, आणि त्यात वाहत चाललेला एक इवलासा बूट. बूट विडीच्या पानाच्या कातरणीचा होता. कडा इतक्या सफाईच्या की धाकटी क्षणभर बोलूच शकली नाही. ती मुलगी वर्गात साधा कागद सरळ कापत नव्हती.

“हे तू केलेस?”

“जी, टीचर.”

तोच प्रश्न, तेच उत्तर. धाकटीने काही न बोलता खोके टेबलावर ठेवले. संध्याकाळी आपाला फोन केला आणि सगळे सांगितले. आणि मग, २५ वर्षांनी, म्हणाली, “आपा, मैंने तेरा नाम नहीं लिया था.”

आपा थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, “मालूम है. मैं दरवाजे पे ही थी.” मग हसली. “उस बच्ची को डाँट मत. चिठ्ठी बडी कर.”

दुसऱ्या दिवशी वर्गात नियम झाला: खोक्याला ज्या ज्या हातांनी काम केले, त्या सगळ्यांची नावे चिठ्ठीवर. चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या गेल्या. कुणी अम्मीचे नाव लिहिले, कुणी मामूचे. एकीने पन्नी देणाऱ्या टपरीवाल्याचेही लिहिले. त्या मुलीने हळूच मोठ्या बहिणीचे नाव लिहिले, आणि ते स्वतःच्या नावाच्या वर लिहिले. तिची बहीण सातवीनंतर घरीच आहे, विड्या वळते. प्रदर्शनाला तिला आणि आपाला, दोघींना बोलावले. आपाने अर्धा तास मुलींना कात्री कशी धरायची ते शिकवले. पाते नाही, कागद फिरवायचा. त्या दिवशी वर्गात शिक्षिका ती होती.

सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्या मुलीची बहीण अजून शाळेत परतलेली नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे धाकटी तिच्या अम्मीला दोनदा जाऊन सांगून आली. अम्मी म्हणाली, “बघू.” एका खोक्याने घरातले दारिद्र्य हटत नाही, तसा आमचा दावाही नाही. पण त्या घरात आता ही मुलगी ‘अच्छी काटती है’ म्हणून ओळखली जाते. कामाला नाव मिळाले की माणूस स्वतःकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो, इतके आम्ही पाहिले आहे.

आमचे खोके धाकटीच्या कपाटावर आहे. पन्नी काळवंडली, बऱ्याच काचा गळाल्या. दादी आणि अब्बा आता नाहीत. घुंगरू जागेवर आहे. मागच्या बाजूला शाळेची ती चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. गेल्या ईदला आपा आली होती. तिने चिठ्ठीवर हात फिरवला, पण आपले नाव लिहायला पेन घेतले नाही. म्हणाली, “रहने दे. वो भी सच्ची है, आधी.” मग जाता जाता, दाराशी चप्पल घालताना, तिने सहज विचारावे तसे विचारले, “वो सतरा नंबर का फॉर्म, चालीस के बाद भी भरते क्या?”

भरता येतो. हे आम्ही तिला सांगितले आहे. फॉर्म आणून ठेवला आहे. अजून भरलेला नाही.