सतरा नव्वे

जुलैत खारघरच्या डोंगरावर ढग उतरले की आमच्याकडे आधी कपाटं ओलावतात. या पावसाळ्यात दादाची जुनी कॅसेट काढून पाहिली, तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. लेबलवर त्याच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द होता, 'पाढे'.

तेरापासून पुढचे पाढे माझ्या जिवावर येत, म्हणून त्याने माझ्यासाठी हा प्रोग्रॅम लिहिला होता. यंत्र स्पेक्ट्रम प्लस, डेसिबेल्स कंपनीने भारतात काढलेलं. मेमरी 48 किलोबाइट, आणि वीज गेली की तीही कोरी. जे टिकायचं ते साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर.

फीत गेली, पण दादाची वही होती. तिच्यातल्या ओळी मी लॅपटॉपवर, स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उतरवल्या. सेव्ह करताना शेवटी 'लाइन 10' जोडलं, म्हणजे टेप भरून झाली की प्रोग्रॅम आपला आपण सुरू होतो. मग त्या फाइलचा आवाज केला.

हा आवाज मला फार आवडतो. आधी पाच सेकंद एकसुरी शिट्टी, यंत्राने कान टवकारावेत म्हणून. मग हेडर: नाव, लांबी, कुठून सुरू करायचं, सगळं 17 बाइटांत. पुन्हा दोन सेकंद शिट्टी आणि मग मजकूर. शून्यासाठी आखूड लाट, एकासाठी बरोबर दुप्पट लांब. गाणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एकाचा सूर शून्याच्या नेमका एक सप्तक खाली. दादाने मला शिकवायला लिहिलेलं सगळं या दोन सुरांत मावतं. शेवटी एक बाइट पडताळ्याचा.

लॅपटॉपची तार थेट यंत्राला जोडली असती तरी काम झालं असतं. पण मला कॅसेटच हवी होती. ती हातात धरता येते, तिच्यावर नाव लिहिता येतं. आईच्या सामानात साठ मिनिटांची एक कोरी सापडली. टेपरेकॉर्डरचा सैल पट्टा बदलला, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं.

तरी पहिल्यांदा पडद्यावर 'टेप लोडिंग एरर' उमटलं. दुसऱ्यांदाही. लॅपटॉप गाणं गोड लागावं म्हणून आवाजाला आपणहून घाटदार करत होता आणि त्यात लाटांच्या कडा झिजत होत्या. ती सारी सजावट बंद केली, आवाज थोडा उतरवला आणि नव्याने रेकॉर्ड केलं.

रात्री डोंबिवलीला दादाला फोन लावला आणि तो टेपरेकॉर्डरपाशी ठेवला. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे धावायला लागले.

"हेडर," दादा म्हणाला. त्याला पडदा दिसत नव्हता. "आता परत शिट्टी येईल. हं. आता डेटा."

पट्टे निळे-पिवळे झाले. बाहेर पाऊस पत्र्यावर बडवत होता. मी टेपरेकॉर्डरवर हात आडवा धरून बसलो, पावसाचा आवाज त्याच्या माइकात शिरेल म्हणून. रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं हे लक्षातच आलं नाही. अर्ध्या मिनिटाने आवाज थांबला, पडदा कोरा झाला आणि वर एक ओळ आली.

"दादा, सतरा नव्वे?"

"त्रेपन्नासे," तो म्हणाला. "तू सांगायचं होतंस."