फाडलेली पानं

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला एक मुलगी वही घेऊन घरी आली. बारावीत आहे, लाखपुरीकडच्या एका खेड्यातून एसटीनं रोज मूर्तिजापूरला येते. घरी कपाशी आणि तूर, दोन भाऊ, इंग्रजी वाचणारं कुणी नाही. वही उघडली तर मधली दोन पानं फाडलेली. कारण विचारलं तर खाली बघून म्हणाली, "सर, त्याच्यात लय चुका होत्या." मग जरा धीर करून म्हणाली, "'द' कुठं लावाचा अन् कुठं नाई, हे मले आजवर समजलंच नाई."

हा प्रश्न मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकला आहे. उत्तरही दरवर्षी तेच दिलं: सूर्य-चंद्राआधी लावायचा, नद्यांच्या नावाआधी लावायचा, माणसाच्या नावाआधी लावायचा नाही. तिला हे सगळं पाठ होतं. गाळलेल्या जागा ती अचूक भरते, 'चेंज द व्हॉइस' करते, 'रिमूव्ह टू' करते, 'नो सूनर'च्या मागे 'दॅन' न चुकता आणते. स्वतःच्या मनातल्या पाच ओळी लिहायला बसली की मात्र अडते. तीच पाच ओळींची पानं तिनं फाडली होती.

मी कपाटातून ऑक्सफर्डची जाड डिक्शनरी काढली. त्या डिक्शनरीची जन्मकथा मला फार प्रिय आहे, आणि शाळेत असताना ती मुलांना सांगायला कधी वेळच मिळाला नाही. म्हणून त्या संध्याकाळी सांगितली.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी नावाचा एक तरुण इंग्रज 1924 मध्ये जपानला गेला. क्यूशू बेटावरच्या ओइता इथल्या व्यापारी महाविद्यालयात त्याला इंग्रजी साहित्य शिकवायचं होतं. वर्गात उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की साहित्य दूरच, मुलं साध्या वाक्यातच अडताहेत. नामाआधी 'अ' कधी आणि 'द' कधी, कोणत्या नामाचं अनेकवचन होतं आणि कोणत्याचं होत नाही, 'वाँट'नंतर काय येतं आणि 'सजेस्ट'नंतर काय येत नाही, हे त्या मुलांना सांगणारं पुस्तकच नव्हतं. तेव्हाचे मोठे कोश शब्दाचा अर्थ सांगत. तो शब्द वाक्यात कसा बसवायचा ते सांगत नसत. इंग्रजाच्या पोराला ते सांगायची गरजच काय?

तोक्योत त्याच सुमारास हॅरॉल्ड पामर हा दुसरा इंग्रज इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था चालवत होता. ती 1923 मध्ये सुरू झाली होती. हॉर्नबी पुढे तिच्या कामात आला आणि गेटनबी व वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यानं शिकणाऱ्यांसाठी कोश रचायला घेतला. मोजता येणारी नामं वेगळी, न मोजता येणारी वेगळी. प्रत्येक क्रियापदापुढे त्याचे वाक्यातले साचे. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि हॉर्नबी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत पडला. 1942 मध्ये तो मायदेशी परतला, आणि त्याच वर्षी, ऐन युद्धात, शत्रूची भाषा शिकवणारा तो कोश तोक्योच्या काइताकुशा प्रकाशनानं छापला. 1948 मध्ये ऑक्सफर्डनं तोच पुन्हा काढला. आज जगभर मुलं जी ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी चाळतात, ती हीच.

मी तिला 'इन्फर्मेशन' हा शब्द काढून दाखवला. पुढे छोटासा 'यू'. म्हणजे अनकाउंटेबल, अनेकवचन नाही. "हा 'यू' जपानी पोरांच्या अडचणीतून आला," मी म्हणालो. ती बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिली. "म्हंजे तेयलेबी येत नव्हतं?"

येत नव्हतं, आणि का येत नव्हतं हे आपल्याइतकं कुणाला समजणार? जपानी वाक्य मराठीसारखंच चालतं. आपण म्हणतो 'मी पुस्तक वाचतो', ते म्हणतात 'वाताशी वा होन ओ योमु': मी, पुस्तक, वाचणं, त्याच क्रमानं. आपला 'चा-ची-चे' शब्दाच्या मागे लागतो, त्यांचा 'नो'ही मागेच लागतो. दोन्हीकडे 'अ', 'अॅन', 'द' नाहीत. इंग्रजी वाक्य दोघांनाही उलटं भासतं, क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणून ठेवल्यासारखं.

वाचनाच्या बाबतीत तर हे साम्य मला अचंबित करतं. जपानी लोक शेकडो वर्षं चिनी ग्रंथ वाचत आले. चिनी वाक्याचा क्रम त्यांच्या भाषेला जुळत नाही, म्हणून अक्षरांच्या कडेला बारीक खुणा करायच्या, त्या खुणांच्या आधारानं मागे-पुढे उड्या मारायच्या आणि वाक्य जपानी करून वाचायचं. पुढे इंग्रजी आल्यावर त्यांनी तेच केलं. शब्द न् शब्द उलथवून भाषांतर करत वाचण्याच्या या रीतीला ते 'याकुदोकु' म्हणतात, आणि तिच्यावर टीकाही तिथे खूप झाली. आता आपल्याकडचं कोणतंही वापरलेलं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक उघडा. ओळीच्या वर पेन्सिलीनं बारीक मराठी अर्थ लिहिलेले दिसतील. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांचा हात अजून त्या पेन्सिलीत आहे. मला त्या पेन्सिलीचा राग नाही. पोरगं उतारा समजून घ्यायची धडपड करतंय, याची ती खूण आहे. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडलेली ओळ जशीच्या तशी उतरवायची आणि दोन मार्क घ्यायचे, हे आम्हीच शिकवलं. अशा मुलाला अख्खा उतारा न वाचता पूर्ण मार्क मिळतात.

'द'कडे परत येतो. त्या मुलीला मी नियमाचं पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, "एखादी गोष्ट सांग, आजी सांगते तशी." तिनं सुरुवात केली: एक राजा होता, तो राजा मोठा दानशूर होता. मी थांबवलं. पहिल्यांदा 'एक राजा' का, आणि दुसऱ्यांदा 'तो राजा' का? ती म्हणाली, "आधी तो कोणाले माईत नव्हता. मंग माईत झाला." हेच 'अ किंग' आणि 'द किंग'. हॉर्नबीच्या विद्यार्थ्यांच्या आज्याही अशीच गोष्ट सांगत असणार. जपानी गोष्टीतला म्हातारा पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या मागे 'गा' लागतो, आणि ओळख झाल्यावर 'वा'. नियम ठाऊक नसलेल्या आजीलाही हा भेद जन्मापासून येतो. 'द'चे सगळे हट्ट एवढ्यानं सुटत नाहीत, हे मला मान्य आहे. नद्यांची नावं पाठच करावी लागतात. पण गाभा हाच आहे, आणि तो तिच्या घरातच होता.

तिच्या घरात आणखीही बरंच आहे. वहीत एक वाक्य होतं, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. पूर्वी मी अशा वाक्याखाली लाल रेघ मारून पुढे जात असे. या वेळी विचारलं, हे घरी कसं म्हणशील? "मले दोन भाऊ हायेत." 'दोन भाऊ होऊन राह्यले' असं म्हणशील का? ती खळखळून हसली. आणि जेवताना फोन आला तर? "मी जेवून राह्यली." बस. 'आय ॲम हॅविंग डिनर' बरोबर आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चूक. जिथे 'राह्यली' शोभतं तिथे 'आयएनजी', जिथे शोभत नाही तिथे थांबून विचार करायचा. 'मले माईत हाये' म्हणतो, म्हणून 'आय नो'. 'आय ॲम नोइंग' नाही. प्रमाण मराठीतलं 'जात आहे' पुस्तकात राहतं, पण वऱ्हाडातलं 'जाऊन राह्यला' चोवीस तास पोरांच्या तोंडात असतं. चालू काळ आणि साधा काळ यांतला फरक आमच्या पोरांच्या कानात आधीच पक्का आहे. आम्ही त्यांना इतकंच सांगत आलो की ही बोली अशुद्ध आहे, वर्गात बोलू नका.

मी स्वतः लहानपणी 'शाळा'ला 'शाया' म्हटलं म्हणून छडी खाल्ली आहे. पुढे शिक्षक झाल्यावर छडी वापरली नाही, पण 'असं नाही, असं म्हण' हे हजार वेळा म्हटलं. त्याचं मला आज वाईट वाटतं. ज्या बोलीचा हात धरून मुलं इंग्रजीपर्यंत चालत गेली असती, तीच मी त्यांच्याकडून दाराबाहेर ठेवून घेतली.

याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी, गाडगेबाबा वाढले. जेवायचं ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, हे ते वऱ्हाडीत सांगत, आणि सांगण्याआधी विचारत. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नामागून प्रश्न. उत्तर समोर बसलेल्या माणसानंच द्यायचं. स्वतः शाळेत न गेलेल्या त्या माणसाला शिकवण्याची ही रीत सापडली होती. आमच्या बी.एड.च्या वर्गात आम्ही परदेशी शिक्षणतज्ज्ञांची नावं घोकली आणि आपल्याच तालुक्यातल्या कीर्तनाकडे शिक्षक म्हणून कधी पाहिलं नाही.

जाताना ती मुलगी म्हणाली, "सर, ते पानं माह्या दप्तरातच हायेत." चुरगळलेली दोन पानं तिनं काढून दिली. अकरा चुका होत्या. त्यातल्या सहा वऱ्हाडीतून सुटल्या, तीन डिक्शनरीतून. दोन मलाही नीट समजावता आल्या नाहीत. त्या मी माझ्या वहीत उतरवून ठेवल्या आहेत.

मूर्तिजापुरात किंवा आसपासच्या गावांत तुमचं पोरगं इंग्रजीत अडलं असेल, तर संध्याकाळी पाचनंतर पाठवा. फी नाही. फक्त वही पूर्ण आणायला सांगा, त्यातलं एकही पान फाडू देऊ नका.